हीटर गार हवा मारत असेल तर आडगावच्या रेडिएटरवाल्या काकांना गाडी दाखवा

नाशिक, ओझर, पिंपळगाव, निफाड या पट्ट्यात कुणाच्या गाडीचा हीटर थंडीत गार हवा मारत असेल आणि "अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, वीस हजार धरून चाला" असं कुणी सांगितलं असेल, तर होकार द्यायच्या आधी गाडी एकदा आडगावच्या रेडिएटरवाल्या काकांना दाखवा. नाशिकहून ओझरकडे निघालं की आडगाव ट्रक टर्मिनसच्या परिसरात, सर्व्हिस रोडला त्यांचं गॅरेज आहे. दुकानाला नाव नाही. पत्र्याच्या पाटीवर लाल रंगात ‘रेडिएटर, कूलिंग कॉइल, हीटर कॉइल’ एवढंच रंगवलेलं आहे. बाहेर उतरवलेल्या ट्रकच्या रेडिएटरची चळत दिसते, तीच खूण. माझ्या गाडीचं काम त्यांनी ३,९०० रुपयांत केलं, डॅशबोर्डचा एक स्क्रूही न काढता. पण पैसे वाचले यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की हीटर गार का होता हे त्यांनी आधी शोधलं आणि मगच पाना हातात घेतला. ही पद्धत आता फार कमी ठिकाणी दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हीटर म्हणजे चैन, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. मुंबईच्या माणसानं तसं म्हटलं तर ठीक आहे, निफाडच्या माणसानं म्हणू नये. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो. थंडीच्या लाटेत तो एक आकडी असतो आणि कधी पाचाच्याही खाली उतरतो. मी द्राक्षबागांना सल्ला देण्याचं काम करते. लाट आली की रात्री उशिरापर्यंत फोन चालू असतात. शेकोट्या पेटवायच्या का, पहाटे ड्रिप सोडायचं का, मणी तडकतील का. बागेत दव किती पडलं आहे, घडात पाणी किती थांबलं आहे, हे ऊन चढायच्या आत बघावं लागतं. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत मी अंधारातच घर सोडते.

अशा वेळी हीटर हातपाय शेकायला लागत नाही, तो समोरची काच साफ ठेवायला लागतो. गाडीत दोन माणसं बसली की त्यांच्या श्वासातली वाफ थंड काचेवर जमते आणि दोन मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं. नुसता एसी लावला तर आतली काच सुटते, पण गार पडलेल्या काचेवर धुक्याच्या दिवशी बाहेरून दव धरतं, आणि शिवाय आत बसवत नाही. खरा उपाय म्हणजे एसी आणि हीटर दोन्ही एकदम चालू, हवा काचेकडे वळवलेली, आणि बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडी. एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर तीच कोरडी हवा गरम करून काचेवर सोडतो. यातलं गरम करणारं अंगच बंद पडलं की एका हातात स्टीअरिंग आणि दुसऱ्या हातात फडकं. त्याच दिवसांत उसाचा हंगाम जोरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला गोदावरीवरून उठलेलं धुकं. फडक्यानं काच पुसत त्या रस्त्यानं गाडी चालवणं मला मान्य नाही आणि कुणी चालवू नये असं माझं ठाम मत आहे.

आता गाडीचं दुखणं. गाडी डिझेलची, सात सीटची, दहा वर्षांची. आदल्या हिवाळ्यापर्यंत हीटर छान चालत होता. या थंडीत पहिल्यांदा लावला तर नुसती गार हवा. ब्लोअर जोरात, आवाज व्यवस्थित, नॉब लाल टोकाला नेला तरी हवा बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम कोमट. हायवेला गाडी पळत असली की एकदम गार, आणि पिंपळगावच्या मार्केटजवळ ट्रॅक्टरच्या रांगेत दहा मिनिटं थांबलं की थोडी ऊब यायची. पुन्हा वेग घेतला की गेली. तापमानाचा काटाही तसाच वागायचा, हायवेला तळाशी आणि रांगेत थोडा वर.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथे गाडी आत नेली, पंधरा मिनिटांत बाहेर आणली आणि हीटर कोअर गेला असं सांगितलं. हा कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं, ब्लोअर त्याच्यावरून हवा ढकलतो आणि ती हवा गरम होऊन आपल्यापर्यंत येते. तो बदलायचा तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्यामुळे पार्टपेक्षा मजुरी जड. एस्टिमेट वीस हजारांच्या घरातलं. कशावरून गेला, असं विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, गार हवा येतेय म्हणजे कोअरच." हे उत्तर मला पटलं नाही. कोअर फुटला तर त्याच्या खुणा दिसतात. सीटपुढचं कार्पेट ओलं होतं, गाडीत गोडसर वास येतो, काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट थर बसतो, कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या रंगीत द्रवाची पातळी उतरत जाते. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं.

आडगावच्या काकांचं नाव ओझरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेतकऱ्यानं सुचवलं. फोनवर त्यांनी पहिली अट घातली ती अशी: गाडी संध्याकाळी आणून लावा, रात्रभर इथेच राहू द्या, मी सकाळी गार इंजिनवर बघणार. मला ही अट अडचणीची वाटली, कारण गाडी रात्रभर सोडायची म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या बागांच्या भेटी रद्द. पण सकाळी त्यामागचं कारण कळलं.

मी पोचले तेव्हा बॉनेट उघडलेलं होतं, पण कशालाही हात लावलेला नव्हता. काकांनी आधी मलाच विचारलं. "ताई, काटा हायवेला खाली बसतो आणि सिग्नलला वर येतो, असं होतं का?" मी हो म्हटलं. "आणि गेल्या उन्हाळ्यात गाडी तापली होती का कुठं?" तापली होती. मे महिन्यात कसारा घाटात काटा लालच्या जवळ गेला होता आणि वाटेतल्या एका गॅरेजवाल्यानं काहीतरी करून गाडी चालती करून दिली होती. काका मान हलवून म्हणाले, "मग निम्मं कळालं. आता गाडी चालू करा आणि इकडे या."

इंजिन चालू झालं. रेडिएटरच्या वरच्या बाजूला इंजिनातून येणारा जाड होज पाइप असतो, त्यावर त्यांनी माझा हात ठेवायला लावला. फॅन आणि पट्ट्यापासून लांब, ओढणी आवरून, हेही बजावून. "आता सांगत राहा." इंजिन नीट असेल तर हा पाइप सुरुवातीची काही मिनिटं गारच राहायला हवा, कारण इंजिन तापेपर्यंत थर्मोस्टॅट नावाचा वॉल पाणी इंजिनातच कोंडून ठेवतो, रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ठरलेल्या तापमानाला वॉल उघडला की पाइप एकदम गरम होतो. माझ्या गाडीचा पाइप पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला. एकदम गरम असा तो कधी झालाच नाही. "वॉल एकतर उघडा अडकलाय, नाहीतर आत नाहीच आहे," काका म्हणाले.

मग दुसरी तपासणी. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून दोन बारीक होज आत जातात, एक हीटर कोअरमध्ये जाणारा आणि एक परत येणारा. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून त्यांनी इंजिन थोडं तापू दिलं, हीटरचा नॉब पूर्ण लालवर ठेवला आणि दोन्ही होजना हात लावून बघायला सांगितलं. हे प्रत्येक गाडीवाल्यानं शिकून ठेवावं असं आहे. दोन्ही होज चांगले गरम असतील आणि तरी हवा गार येत असेल, तर दोष गाडीच्या आत आहे. म्हणजे गार-गरम हवा मिसळणारी झडप अडकली आहे, तिची केबल निसटली आहे किंवा ती फिरवणारी मोटर गेली आहे. दोन्ही होज कोमट असतील तर पाणीच तापत नाही, किंवा कूलंट कमी आहे, किंवा हवा अडकली आहे. आणि एक गरम, दुसरा गार असेल तर कोअर चोंदला आहे किंवा पाण्याचा कॉक बंद आहे. माझ्या गाडीत जाणारा होज बऱ्यापैकी गरम होता आणि परतीचा जवळजवळ गार.

म्हणजे दोन दोष एकावर एक. पाणी पुरेसं तापत नव्हतं आणि जे तापत होतं ते कोअरमधून नीट फिरत नव्हतं.

इंजिन पूर्ण गार होईपर्यंत त्यांनी पुढचं काम थांबवलं. इथे त्यांची शिस्त मला फार आवडली. शेजारी एक पिकअपवाला "काका, झाकण उघडा ना, पाणी बघू" म्हणून मागे लागला होता, त्याला त्यांनी सरळ परत पाठवलं. गरम इंजिनात कूलंट दाबाखाली असतं, त्यामुळे ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब उतरतो, त्याच क्षणी ते उकळून उसळतं आणि तोंड-हात भाजून निघतात. फडकं गुंडाळून उघडणारे खूप बघितले आहेत. काकांच्या गॅरेजमध्ये तो प्रकार चालत नाही.

थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं तेव्हा त्यांनी मला हाक मारून दाखवलं. आत काहीच नव्हतं. वॉल बसतो ती खाच रिकामी. खाली बादलीत आलेलं पाणी गढूळ, विटकरी, तळाला पांढरी खर. कूलंटचा रंग नाही की वास नाही.

उन्हाळ्यातल्या त्या गॅरेजवाल्यानं काय केलं होतं ते आता उघड झालं. गाडी तापते म्हणून वॉल काढून टाकला आणि बोअरचं पाणी भरलं. आपल्याकडे ही फार जुनी आणि फार पसरलेली सवय आहे. "आपल्याकडे कुठं एवढी थंडी, वॉलची गरजच नाही" हे वाक्य मी स्वतः दोन-तीन ठिकाणी ऐकलं आहे. काकांना या सवयीचा मनापासून राग आहे आणि तो रास्त आहे. वॉल काढला की पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरत राहतं. हायवेला समोरून वारा लागतो, इंजिन कधी पुरेसं तापतच नाही. डिझेल इंजिन तसंही उशिरा तापतं, त्यातून थंडी. गार इंजिन जास्त डिझेल खातं, तेलाला हवं ते तापमान मिळत नाही, आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर वॉल काढल्यावर पाणी बायपासच्या वाटेनं आतल्या आतच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. "हीटर बिचारा काय करंल ताई," काका म्हणाले, "त्याला गरम पाणीच कुणी देईना."

मग मे महिन्यात गाडी तापली कशामुळे? हा प्रश्न त्या पहिल्या गॅरेजवाल्यानं विचारलाच नव्हता. काकांनी टॉर्च मारून एसी कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरपुढची एसीची जाळी, आणि रेडिएटर यांच्यामधली फट दाखवली. बागेच्या कच्च्या रस्त्यांची माती, वाळलेली पानं, किडे यांचा थर जाळीत घट्ट बसलेला. बाहेरून, ग्रिलमधून बघितलं तर यातलं काही दिसत नाही, कारण पुढे कंडेन्सर असतो. हवा जायला जागाच नव्हती. शेतातून फिरणाऱ्या गाड्यांना हा त्रास नेहमीचा आहे असं ते म्हणाले. त्यांनी वरचे क्लॅम्प सोडून दोन्हीमध्ये फट केली आणि इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं, बेताच्या दाबानं पाणी मारून जाळी धुतली. फार दाबानं मारलं तर ॲल्युमिनियमच्या बारीक पात्या वाकतात, म्हणून वॉशिंग सेंटरचा पंप त्यांनी वापरला नाही.

हीटर कोअर त्यांनी जागेवरच उलटा धुतला. दोन्ही होज इंजिनाच्या बाजूनं सोडले, परतीच्या तोंडातून साध्या नळीनं पाणी सोडलं आणि जाणाऱ्या तोंडातून बाहेर काढलं. पहिल्यांदा नुसता थेंब-थेंब, मग खरेचे पापुद्रे, मग गंजाचं लाल पाणी. मध्ये एकदा कूलिंग सिस्टिमचं सौम्य क्लीनर भरून अर्धा तास तसंच ठेवलं आणि पुन्हा उलट-सुलट धुतलं. कॉम्प्रेसरची हवा मारून काम पाच मिनिटांत होईल का, असं मी विचारलं. त्यांनी नकार दिला. ॲल्युमिनियमचा जुना कोअर त्या दाबाला फुटला तर मात्र डॅशबोर्ड खरंच उतरवावा लागेल. पूर्वी तांब्या-पितळेचे कोअर असत, ते गळले तर झाळून पुन्हा वापरता यायचे. आताच्या ॲल्युमिनियमला तसा डाग देता येत नाही. शेवटी पाणी एका धारेत, स्वच्छ यायला लागलं, तेव्हाच त्यांनी नळी काढली.

या कामाची त्यांनी आधीच स्पष्ट कल्पना दिली होती. "धुवून नव्वद टक्के सुटतो. नाही सुटला तर बदलावा लागेल, तेव्हा तुम्ही म्हणाल तिथं बदला. धुण्याची मजुरी मात्र मी घेणार." असं स्वच्छ बोलणारा मेकॅनिक मिळाला की निम्मी काळजी मिटते.

नवा वॉल बसवण्याआधी त्यांनी तपासला, आणि हे मी पहिल्यांदाच बघितलं. मागच्या खोलीत स्टोव्ह आहे. त्यावर एक काळवंडलेलं ॲल्युमिनियमचं भगोनं, या कामासाठीच ठेवलेलं. त्यात पाणी, आत काचेचा थर्मामीटर आणि वर आडव्या सळईला तारेनं बांधून सोडलेले दोन वॉल. एक माझ्या गाडीसाठी आणलेला, दुसरा बाजारात निम्म्या किमतीत मिळणारा. वॉलच्या चकतीवर ८२ असा आकडा ठोकलेला असतो, म्हणजे त्या अंशाला तो उघडायला लागायला हवा. आत पितळेच्या डबीत मेण असतं, ते तापून फुगलं की दांडी ढकलली जाते आणि चकती स्प्रिंगविरुद्ध उचलली जाते. वीज नाही, सेन्सर नाही. पाणी तापत गेलं. सत्तर ओलांडलं नाही तोच स्वस्तातला वॉल उघडायला लागला. चांगला वॉल शांत होता. ऐंशीच्या पुढे काटेकोरपणे त्याच्या कडेला केसाएवढी फट पडली आणि पाणी उकळीला येईपर्यंत तो पूर्ण उघडला. भगोनं खाली घेतल्यावर हळूहळू बंदही झाला. काकांनी स्वस्तातला वॉल उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. "हा घातला असता तर पुढच्या थंडीत परत आला असता तुम्ही."

बसवताना आणखी एक बारीक गोष्ट. वॉलच्या कडेला टिकलीएवढं भोक असतं आणि त्यात हलणारी छोटी पिन. भरताना अडकलेली हवा त्या भोकातून निसटते, म्हणून पिन वरच्या बाजूला यायला हवी. घाईत वॉल कसाही फिरवून बसवला की हवा आत राहते आणि हीटर पुन्हा गार. डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येत असेल तर बहुतेक वेळा ही हवाच असते.

हवा काढायला त्यांनी पुढची चाकं लाकडी रॅम्पवर चढवली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच झालं. हीटरचा नॉब लालवर, म्हणजे कॉक उघडा. मग निम्मं कूलंट आणि निम्मं डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, असं मिश्रण हळूहळू ओतत, मधूनमधून होज दाबत, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवलं. कूलंट पन्नास टक्के असलं की ते उणे पस्तीस अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. आपल्याला एवढ्याची गरज नाही, हे खरं. पण त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात, उत्कलनबिंदू वाढतो आणि खर धरत नाही, हे आपल्या कामाचं आहे. आपल्या भागातलं बोअरचं पाणी किती जड असतं ते ड्रिपच्या नळ्या बघणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ज्या पाण्यानं ड्रिपर बुजतात तेच पाणी आपण इंजिनात का ओतावं?

काढलेलं घाण पाणी त्यांनी गटारात सोडलं नाही, ड्रममध्ये भरून ठेवलं. माझ्या गाडीत कूलंट उरलंच नव्हतं, पण दुसऱ्या गाड्यांचं असतं आणि ते विषारी आहे. चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. गॅरेजच्या दारात दोन कुत्री पाळलेली आहेत, तीही कारण असेल, पण इतकी काळजी घेणारा माणूस मला दुसरीकडे दिसलेला नाही.

बिल हातानं लिहिलेलं, पण प्रत्येक बाब वेगळी: वॉल आणि गॅस्केट ९५०, कूलंट आणि डीएम वॉटर १,२००, हीटरचे दोन होज ४५० कारण जुने टोकाला फुगले होते, मजुरी १,३००. जुने होज पिशवीत घालून परत दिले. रेडिएटरची जाळी धुतल्याचे पैसे लावले नाहीत.

आता गाडी कशी चालते ते. पहाटे सुरू केल्यावर चार-पाच किलोमीटरमध्ये हवा कोमट होते आणि ओझर यायच्या आत चांगली गरम. काटा निम्म्याच्या किंचित खाली येऊन थांबतो आणि हायवे असो की रांग, तिथून हलत नाही. काच आतून सुटलेली राहते, फडकं आता डिकीत आहे. एव्हरेजही लिटरमागे किलोमीटरभर सुधारल्यासारखं दिसतं आहे. चांदवडचा घाट सातही जण बसवून चढून बघितला, काटा जागचा हलला नाही. उन्हाळ्याची परीक्षा मात्र अजून बाकी आहे.

खटकलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. वेळ फार जातो. सकाळी दिलेली वेळ दुपारवर गेली, मग संध्याकाळवर, आणि त्या सगळ्या वेळात बसायला एक लाकडी बाकडं, तेही उन्हात. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही, जवळच्या पेट्रोल पंपावर जावं लागतं. कामात असले की काका फोन उचलत नाहीत आणि परत करतही नाहीत. पोरं कामाला आहेत, पण तपासणी काका स्वतःच करतात, त्यामुळे दोन गाड्या पुढे असल्या की तिसऱ्याचा दिवस गेला. छापील बिल आणि वॉरंटी कार्ड हवं असलेल्यांनी इथे येऊ नये. "गळलं तर घेऊन या" एवढीच वॉरंटी आहे. माझा एक होज क्लॅम्पजवळ किंचित पाझरत होता, तो त्यांनी पैसे न घेता बदलून घट्ट केला, पण त्यासाठी पुन्हा आडगावला जावं लागलं ते लागलंच.

ब्लोअरची मोटर, एसीचा गॅस किंवा झडप फिरवणारी इलेक्ट्रिक मोटर यांचं काम ते करत नाहीत, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवतात. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनाही ते हात जोडतात. तिथे इंजिनाचं गरम पाणी नसतं, हीटर बॅटरीवर चालतो आणि त्या वायरिंगमधला विजेचा दाब जिवावर बेतणारा असतो. तो प्रकार कंपनीच्या माणसांकडेच न्यावा, हा त्यांचा सल्ला मला योग्य वाटतो.

जाणार असाल तर गाडी आदल्या संध्याकाळी सात वाजेपर्यंत पोचवा, म्हणजे सकाळी पहिला नंबर लागतो. रविवारी दुपारनंतर बंद. पैसे यूपीआयनं चालतात, कार्ड चालत नाही. आणि गाडीत मागे कुणी बोअरचं किंवा नळाचं पाणी भरलं असेल, कुठे वॉल काढला असेल, घाटात तापली असेल, तर ते पहिल्यांदाच सांगा. काका विचारतातच, पण सांगितलंत तर शोधण्यातला तासभर वाचतो.